अँड्रीसनबद्दलची ती बातमी चुकीची आहे

सनीव्हेलकर:
आमच्या ग्रुपवर काल एक मराठी बातमी फिरत होती की सिलिकॉन व्हॅलीतला अब्जाधीश गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन याने म्हणे तो राहतो त्या ॲथर्टन या श्रीमंतांच्या गावात गरिबांसाठीचा टॉवर एकट्याच्या जोरावर बंद पाडला. अहो, टॉवर नव्हताच तिथे! कॅलिफोर्नियात प्रत्येक गावाला आठ वर्षांचा घरांचा प्लॅन राज्याला द्यावा लागतो, ॲथर्टनच्या वाट्याला ३४८ घरं आली, आणि जिथे एकरभर जागेत एकच बंगला असतो त्या गावात मोजक्या प्लॉटवर टाउनहाऊसला, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांना, परवानगी द्यायची एवढाच विचार होता. जून २०२२ मध्ये अँड्रीसन आणि त्यांच्या बायकोने विरोधाचा ईमेल पाठवला, गावातल्या बाकीच्या बऱ्याच लोकांनीही विरोध केला, मग जुलैत कौन्सिलने टाउनहाऊस वगळले.

मानसी_फ्रीमाँट:
टॉवर काय नि टाउनहाऊस काय, माणूस आडवा आला ना? याच माणसाने २०२० मध्ये मोठा लेख लिहिला होता की आता बांधायला लागा, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात आपण पुरेशी घरं बांधत नाही म्हणून. आणि दोन वर्षांनी स्वतःच्या गावात घरं यायची वेळ आली तर कॅपिटल अक्षरांत ईमेल, किमती पडतील, आवाज वाढेल, ट्रॅफिक वाढेल, सगळं ताबडतोब काढून टाका. त्याच ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीने भाड्याच्या घरांच्या धंद्यात ३५ कोटी डॉलर घातले. आमच्या कॅफेटेरियातल्या ताई लांबच्या मँटिकाहून येतात, पहाटे चारला आल्टामाँटचा घाट ओलांडायला निघतात, परवा भाजी वाढता वाढता उभ्या उभ्याच डुलकी लागली त्यांना. तुम्ही त्याची बाजू कशाला घेता?

सनीव्हेलकर:
बाजू घेतच नाहीये मानसीताई. तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं आहे आणि तेच छापायला हवं होतं. टॉवर लिहिलं की त्याचे लोक म्हणणार, बघा खोटं पसरवतात, आणि मग ईमेलही त्या गोंधळात बुडाला. दुसरं म्हणजे 'एकट्याने' लिहिलं की बाकीचं अख्खं गाव सुटलं. जानेवारी २०२३ मध्ये तिथेच राहणारा बास्केटबॉलपटू स्टेफ करी आणि त्याच्या बायकोनेही शेजारच्या प्लॉटवरच्या घरांना विरोध करणारं पत्र दिलंच की.

डोंबिवलीकर८२:
मला दोघांचंही पटत नाही. आयुष्यभराची कमाई घरात अडकलेली असते, किंमत पडेल अशी भीती वाटली तर गावाला पत्र लिहायचं नाही का? आमच्या शेजारी रिडेव्हलपमेंटला सात मजल्यांचे बावीस झाले तेव्हा आम्हीही सह्या गोळा केल्या होत्या. पाणी संध्याकाळी अर्धा तास यायचं हो, नवीन लोकांना कुठून देणार होते?

मानसी_फ्रीमाँट:
दादा, तुमच्याकडे पाणी नव्हतं, ॲथर्टनमध्ये काय कमी आहे? तिथे तेव्हा टाउनहाऊसच्या जागी बंगल्याच्या आवारात छोटी जास्तीची घरं बांधू असं दाखवलं. त्यात स्वयंपाक करणारी ताई राहणार का मालकाचे पाहुणे, सांगा तुम्हीच. पण सनीव्हेलकरांचं एक मान्य, 'एकट्याने' हा शब्द चूक आहे. ग्रुपवर मीच ती बातमी पुढे पाठवली होती, आज तिथे दुरुस्ती टाकते.

सनीव्हेलकर:
टाका, आणि त्यात ३४८ चा आकडा नक्की लिहा. मी ती बातमी देणाऱ्या पोर्टललाही सकाळी मेल केलाय, अजून काही उत्तर नाही.