नागपूर: बेसा-बेलतरोडीकडे राहून बर्डी (सीताबर्डी) आणि मिहान, रोजचं जमेल का?

संत्रापेटी विचारतात:

नवरा-बायको दोघंही नोकरीचे. एकाचं ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये आकाशवाणी चौकाजवळ, दुसऱ्याचं मिहानमध्ये (खापरीकडचा कंपन्यांचा पट्टा), साडेनऊला पंचिंग. मुलगी ५ वर्षांची. बजेट पाहता मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, घोगली एवढाच पट्टा उरतो. आधी ११ महिने भाड्याने, पटलं तर तिथेच विकत.

एजंट प्रत्येक स्कीमला "मेट्रो पाच मिनिटांवर" म्हणतो आणि पाण्याचं विचारलं की "बोअर आहे ना" म्हणतो. दोन्ही उत्तरांवर विश्वास बसत नाही. रोज मेट्रोने जावं की गाडीने? पाण्याचं नेमकं काय तपासायचं? फ्लॅट बघायला गेल्यावर काय पाहायचं? "एरिया डेव्हलप होतोय" हे वाक्य सोडून काहीही सांगा.

लोहापूल_ते_खापरी:

पाच मिनिटं कोणत्या वेळची, ते विचारा. रात्री साडेदहाची असतील.

त्या पट्ट्यात किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, रेल्वेलाइन बघा. वर्धा रोड, मेट्रो, विमानतळ लाइनच्या पश्चिमेला आणि तुम्ही म्हणता ती सगळी वस्ती पूर्वेला. ओलांडायच्या जागा मोजक्याच: मनीषनगरचा उड्डाणपूल, उज्ज्वलनगरकडे निघणारा अंडरपास आणि थोडं वर नरेंद्रनगरचा अंडरपास. सकाळी ९ ते १० मध्ये सगळा पूर्व भाग याच बोळांतून बाहेर पडतो. जोराचा पाऊस झाला की नरेंद्रनगरच्या अंडरपासात पाणी साचतं, मग तिथली गर्दीही पुलावर येते. म्हणून पावसाळ्याच्या दिवसांत २० मिनिटं जास्तीची धरून निघायचं.

आता हिशोब. बेसा चौक ते उज्ज्वलनगर स्टेशन साधारण ४ किलोमीटर, गर्दीच्या वेळी गाडीने १५ मिनिटं. गाडी लावून, तपासणी होऊन वर फलाटावर जायला ७. मेट्रो गर्दीच्या वेळी दहा-पंधरा मिनिटांनी असते, म्हणजे वाट बघण्यात सरासरी ६. तिथून सीताबर्डी सहावं स्टेशन, त्यापुढचं झिरो माईल, मिळून सतराएक मिनिटं. झिरो माईलला उतरून आकाशवाणी चौकाकडे चालत १० ते १२. सगळं मिळून ५५ ते ६०. तोच प्रवास घरून थेट टू-व्हीलरने ३५ ते ४०. म्हणजे बेसा चौकातून मेट्रो वेळेत हरते. मात्र मेच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात तीच बरी. घर स्टेशनपासून २ किलोमीटरच्या आत असेल तर फरक जवळजवळ मिटतो. म्हणून भाडं थोडं जास्त पडलं तरी मनीषनगरची लाइनकडची बाजू आधी बघा.

रोज जाणार असाल तर मेट्रोचं महाकार्ड काढा, तिकिटात १० टक्के सूट मिळते. सायकल डब्यात नेता येते, ही गोष्ट फार कमी लोक वापरतात.

मिहानवाल्यांसाठी उज्ज्वलनगरहून खापरी चौथं स्टेशन, तेवढं सोपं. अडचण पुढे. मिहान आत फार पसरलंय, पायी जाण्यासारखं नाही. कंपनीची बस खापरीला येते का, कोणत्या वेळी, आणि मेट्रो उशिरा आली तर थांबते का, हे आधी पक्कं करा. मेट्रो सकाळी ६ ते रात्री १० च्या सुमारास चालते, त्यामुळे उशिराची शिफ्ट असेल तर परतीला गाडीच.

गाडीने बर्डीकडे जाताना एक लक्षात असू द्या: वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर (३.१४ किलोमीटर, २०२० पासून सुरू) छत्रपती चौकात उतरता येत नाही. तिथे काम असेल तर खालूनच जा.

गडरलाइन:

पाण्याचं विचारलंत हे बरं केलं. भाड्याने घेणारे ओटा-टाइल्स बघतात आणि एप्रिलमध्ये रडतात.

आधी पाणी कुठून येतं ते विचारा. महापालिकेच्या हद्दीत नळ असू शकतो. हद्दीबाहेरच्या लेआउटमध्ये नगरपंचायतीचं किंवा ग्रामपंचायतीचं पाणी, नाहीतर नुसता बोअर आणि टँकर. "बोअर आहे" हे उत्तर अर्धं आहे. बोअर किती फूट खोल, मोटर किती एचपीची आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात सलग किती मिनिटं चालते, हे चौकीदाराला विचारा. मालकाला नको. वीस मिनिटांत मोटर कोरडी पडत असेल तर त्या स्कीमचा उन्हाळा टँकरवर आहे.

आकडे मांडून बघा. चौघांच्या घराला माणशी १३५ लिटरने ५४०. उन्हाळ्यात मोठा कूलर दिवसाला ८० ते १०० लिटर पितो. हे बाहेरून आलेल्यांच्या हिशोबात नसतंच. म्हणजे घरामागे साधारण ६४० आणि २० फ्लॅटच्या स्कीमला १२,८०० लिटर. १० हजारांचा एक टँकर पुरत नाही. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, ते भाडेकरारात लिहून घ्या. जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे तेही बघा, कारण ती लहान असेल तर आख्खा टँकर रिकामाच होत नाही.

बोअरचं पाणी जड असतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर आणि गिझरचा आवाज, यावरून कळतं. अशा पाण्यात कूलरचं गवत एका सीझनमध्ये दगडासारखं होतं.

आणि गडर, म्हणजे सांडपाणी. बाहेरच्या बऱ्याच लेआउटमध्ये गडरलाइन पोचलेली नाही, सेप्टिक टँक असतो. झाकण कुठे आहे, वर्षातून किती वेळा उपसतात आणि भरल्यावर पाणी कुठे जातं, बघा. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर हिरवं गवत आणि डबकं असेल तर उत्तर मिळालं. लहान मूल आहे, डासांचा विचार करा. सेप्टिक आणि बोअरमध्ये निदान ५० फूट अंतर हवं, नसेल तर ते पाणी पिऊ नका, आरओ लावूनसुद्धा.

ताटी_आणि_खस:

भाऊ, फ्लॅट पाहाले लोक रविवारी सकाळी अकराले जातात, तेव्हा सगळंच चांगलं दिसते. दोन चकरा मारा. एक दुपारी चारले, एक रात्री नऊले.

दुपारी चारले पश्चिमेच्या भिंतीले हात लावून पाहा. वरच्या माळ्यावर असाल तर छताखाली पाच मिनिटं उभे राहा. स्लॅबवर पांढरा चुना किंवा चायना चिप्स (पांढऱ्या टाइल्सचे तुकडे) नसतील तर रात्री बारालेही भिंत गरमच राहते. टेरेसवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घ्यावं वाटत नाही, म्हणून उन्हाळ्यात टाकी पहाटे भरून घेतात.

कूलर कुठे ठेवणार? बाहेरच्या खिडकीत लोखंडी स्टँड लावू देतात का, विचारा. काही सोसायट्या नाही म्हणून राहिल्या. कूलरसमोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे, नाहीतर घर नुसतं दमट होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कूलर काही कामाचा नाही, तवा पंखा नाहीतर एसी.

रात्री नऊले जायचं ते व्होल्टेजसाठी. पूर्ण लेआउट एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असते आणि मेमध्ये सगळे कूलर-एसी एकदम चालू होतात. प्लगमध्ये लावायचा साधा व्होल्टमीटर घेऊन जा. २०० च्या खाली दाखवलं तर फ्रिज-एसीले स्टॅबिलायझर पक्का.

आणि रस्ता. लेआउटचा रस्ता डांबरी आहे का मुरमाचा, हे पाहा. मुरूम वाहून गेला की खाली काळी माती, आणि जुलैत स्कूल व्हॅन आत येत नाही. व्हॅनवाल्याले आधीच फोन करून विचारा, कोणत्या कोपऱ्यापर्यंत येते.

संत्रापेटी:

सगळ्यांचे आभार. मनीषनगरला उज्ज्वलनगरच्या बाजूने शोध सुरू करतो. वर्षभराने विकत घ्यायचं झालं तर काळ्या मातीमुळे काही वेगळं बघावं लागतं का? काही इमारतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा दिसल्या.

लोहापूल_ते_खापरी:

त्या तिरप्या भेगांकडे दुर्लक्ष नको. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाया तिच्यातच थांबला असेल तर दरवर्षी हलतो. प्लास्टरची भेग केसासारखी आणि वेडीवाकडी असते. पाया हललेल्याची तिरपी, एका टोकाला रुंद. नाणं आत जात असेल तर सोडा. इमारतीभोवतीचं प्लिंथ प्रोटेक्शन (जमिनीलगतचा सिमेंटचा पट्टा) भिंतीपासून सुटलंय का, तेही पाहा. सुटलेल्या फटीतून पाणी थेट पायाकडे जातं. पाया मुरमापर्यंत नेलाय का, हे स्ट्रक्चरल नकाशात दिसतं, तो मागा. हे सगळं मेच्या शेवटी बघा, तेव्हा माती सगळ्यात जास्त आकसलेली असते. पावसाळ्यात भेगा मिटलेल्या असतात आणि बिल्डर तेवढ्यात पुट्टी मारून घेतो.

कागदांत एनए (बिगरशेती) ऑर्डर, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. मंजुरी कोणाची ते नीट वाचा: नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) की महापालिका. नुसत्या ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर उभी इमारत असेल तर बँक कर्ज देतानाच अडते. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट, असं दोन्ही असेल तर नव्या बांधकामाला महारेरा नंबर लागतोच. तो महारेराच्या वेबसाइटवर टाकून ताबा द्यायची तारीख किती वेळा पुढे ढकललीय, तेवढं बघा.