अल निनो आला की पाऊस गेला? मला तरी पटत नाही

काळी_माती
फेब्रुवारी-मार्च आला की टीव्हीवाले सुरू होतात, पॅसिफिक महासागर तापतोय, म्हणजे अल निनो येतोय, आता दुष्काळ. अरे लातूर कुठं, पॅसिफिक कुठं! एक साल असंच ऐकून वडलांनी सोयाबीन कमी केलं, निम्म्या रानात मूग-उडीद टाकला आणि ऐन काढणीत पाऊस असा बसला की मुगाला शेंगेतच मोड आले. माझं म्हणणं एवढंच की समुद्राच्या नावावर बिल फाडणं बंद करा. १९९७ चा अल निनो विसाव्या शतकातल्या सगळ्यात तगड्यांपैकी होता ना? तरी देशाचा मान्सून सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा त्याच्यापुढे मवाळ, आणि पाऊस ८१ टक्के. कसलं शास्त्र हे?

खारा_वारा
@काळी_माती आकडे बरोबर आहेत तुमचे पण तुम्ही पॅसिफिक म्हणजे एकच हंडा धरताय. किती तापला एवढंच बघून चालत नाही, कुठं तापला तेपण बघावं लागतं. १९९७ ला मुख्य ताप पेरूच्या बाजूला होता, २००२ ला मधल्या पट्ट्यात. एरवी पूर्वेकडचे वारे गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलत नेतात, तिथं हवा वर चढते, ढग बनतात. हे गरम पाणी मध्यापर्यंत सरकलं की हवा चढायची जागापण सरकते आणि आपल्या डोक्यावर हवा खाली बसायला लागते. खाली बसणाऱ्या हवेत ढग कसा धरणार.

आणि १९९७ ला अजून एक गोष्ट होती, हिंदी महासागर आपल्या बाजूने होता. आफ्रिकेकडचं पाणी गरम, सुमात्राकडचं थंड, ह्यालाच आयओडी (इंडियन ओशन डायपोल) पॉझिटिव्ह म्हणतात. त्यानं आपल्याला हात दिला. गंमत म्हणजे हा प्रकार शास्त्रज्ञांनी नीट मांडला तोच १९९९ मध्ये.

काळी_माती
म्हणजे पाऊस पडला तर आयओडी, नाही पडला तर अल निनो. ज्योतिषीपण असंच करतो राव 😄

आकडेमोड
ज्योतिषाचं निम्म्याहून जास्त चुकतं आणि तो कबूल करत नाही. इथं २००९ ला अल निनो, पाऊस ७८ टक्के. २०१५ ला जबरदस्त अल निनो, ८६ टक्के. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा, आठवत असेलच, सोयाबीन फुलात आणि महिनाभर आभाळ नुसतं पांढरं. अल निनो म्हणजे दुष्काळाची गॅरंटी नाही, पण शक्यता चांगलीच वाढते.

हे काल-परवा कुणी एसीत बसून काढलेलंपण नाही. गिल्बर्ट वॉकर इंग्रजांच्या काळात इथल्या वेधशाळांचा प्रमुख होता, मान्सूनचा अंदाज कसा बांधायचा ह्या खटपटीतच त्याला सापडलं की पॅसिफिकवर हवेचा दाब एकीकडे वाढला की दुसरीकडे उतरतो. मोबाईल नाही, सॅटेलाईट नाही, माणसं बसवून हातानं आकडेमोड. (आयडी माझा उगाच नाही.)

उंटावरचा_शहाणा
हवामान कायमच बदलत आलंय. १८७६ चा दुष्काळ काय कारखान्यांच्या धुरानं पडला होता? तेव्हापण समुद्र होताच की.

खारा_वारा
@उंटावरचा_शहाणा बरोबर, १८७७ लापण मोठा अल निनो होता, तो निसर्गाचा खेळ आहेच. पण आता खेळाचं मैदानच तापलंय. आपल्या धुरानं अडकणाऱ्या जास्तीच्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्रानं पोटात घेतलीये. अख्खं वातावरण एक डिग्री तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात समुद्राचं नुसतं वरचं तीनेक मीटर पाणी एक डिग्री तापतं, आणि खाली सरासरी पावणेचार किलोमीटर खोली आहे. एवढी साठवण आहे म्हणून आपण अजून भाजलो नाही. पण साठवलेलं बाहेर येतंच.

सुपारीवाला
बाहेर येतं कसं ते आमच्या श्रीवर्धनला येऊन बघा. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. आजोबांनी लावलेली सुपारी दुपारच्या दोन-तीन तासांत आडवी. नवीन रोप लावलं तर हाताला यायला सात-आठ वर्षं, मधल्या काळात खायचं काय? पूर्वी वादळं म्हणजे बंगालच्या उपसागराकडची भानगड असं म्हातारे म्हणायचे, अरबी समुद्र त्या मानानं थंड. आता तो थंड राहिला नाही. वर्षभरात पाठोपाठ तौक्ते. पॅसिफिकचं सोडा हो, घरामागचा समुद्र बदललाय त्याचं बोला.

काळी_माती
@सुपारीवाला दादा तुमचं दुःख खरंय, त्यावर वाद नाही. पण माझा मुद्दा तिथंच राहिला. २०१६ ला मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी, मान्य. पण त्याच पट्ट्यात ऊस उभा होता. ऊस लावा असं पॅसिफिकनं सांगितलं होतं का? सगळं समुद्रावर ढकललं की पुढारी सुटले, कारखाने सुटले, आणि आम्हीपण सुटलो, खोटं कशाला बोलू.

आकडेमोड
ह्याला +१. पाऊस कमी पडणं समुद्राकडून, पण नळाला पाणी नसणं बरंचसं आपल्याकडून.

उंटावरचा_शहाणा
चला, म्हणजे मीच जिंकलो.

खारा_वारा
तुम्ही कुठून जिंकलात 😂

@काळी_माती वडलांच्या मुगाबद्दल एक. मार्चमधला अल निनोचा अंदाज मनावर घेऊच नका. त्या दिवसांत पॅसिफिकची अवस्था डळमळीत असते, मॉडेलं तिथंच जास्त चुकतात. मे अखेरीस चित्र बरंच साफ होतं. आणि देशाची टक्केवारी म्हणजे तुमच्या शिवारातला पाऊस नव्हे. २०१९ ला देशात ११० टक्के, सांगली-कोल्हापूर पाण्याखाली, आणि मराठवाड्यात कित्येक ठिकाणी ऑगस्टमध्येसुद्धा टँकर.

काळी_माती
मे अखेरीस? बियाणं-खताची उधारी आमच्याकडे त्याच्या आधीच ठरते भाऊ. दुकानदाराला सांगू का, थांब जरा, पॅसिफिकचं अजून नक्की नाही म्हणून?