अनुभव धागा: बर्फ, थंडी आणि आपली झाडं

उत्तरेकडच्या देशांत बाग करणारे आपले लोक आणि महाराष्ट्रात थंडीच्या रात्री जागवणारे बागायतदार, दोघांनी एकाच ठिकाणी बोलावं म्हणून हा धागा काढतेय. तुमच्याकडे पारा किती उतरला, काय जगलं, काय गेलं, ते लिहा. नुसता आकडा नको. जमिनीवर बर्फ होता की कोरडी थंडी होती, वारा होता का, आभाळ कसं होतं, हेही सांगा. माझ्या मते झाडाचं भवितव्य आकड्यापेक्षा त्यावर जास्त ठरतं.

सुरुवात मीच करते. शिकागोजवळचं उपनगर. ३० जानेवारी २०१९ ला ओहेर विमानतळावर उणे ३०.६ अंश नोंदले गेले. सुदैवानं त्याआधी दोन-तीन दिवस बर्फ पडून गेला होता. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, त्यामुळे त्याच्या गोधडीखालची माती शून्याच्या आसपास राहते, वर कितीही गोठो. त्या वर्षी पिओनी आणि होस्टा, म्हणजे हिवाळ्यात जमिनीखाली झोपून वसंतात परत फुटणारी झाडं, नेहमीसारखी फुटली. फोर्सिथियाचं झुडूप मात्र वसंतात बघण्यासारखं होतं: बर्फात बुडालेल्या खालच्या फांद्यांना पिवळीजर्द फुलं आणि बर्फाबाहेर राहिलेल्या भागाला एकही नाही. गुलाबाच्या काड्याही तेवढ्याच उंचीपासून वर काळ्या पडल्या होत्या.

नव्यांसाठी एक. अमेरिकेच्या कृषी खात्याचा झोनचा नकाशा (कुठल्या भागात हिवाळा किती कडक, हे दाखवणारा) २०२३ मध्ये नव्यानं आला आणि जवळपास निम्मा देश अर्ध्या झोननं उबदार दाखवला गेला. तो पाहून नाजूक झाडं विकत घेण्याआधी लक्षात घ्या, की त्यात तीस वर्षांतल्या दर हिवाळ्याच्या सर्वांत थंड रात्रींची सरासरी असते. २०१९ सारखी रात्र सरासरीच्या बरीच खाली जाते.

टोरांटो

ताई, बर्फाचं अगदी पटलं. आमच्याकडे झाडं जातात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. दिवसा वितळतं, रात्री परत गोठतं. मातीतलं पाणी गोठताना फुगतं आणि रोपाला मुळासकट वर ढकलतं. ऑक्टोबरात लावलेल्या लसणाच्या पाकळ्या मार्चमध्ये वाफ्यावर उघड्या पडलेल्या मी शेजाऱ्यांकडे पाहिल्यात. म्हणून जमीन एकदा गोठली की मी वरून पेंढा आणि वाळकी पानं जाड अंथरते. हेतू ऊब देण्याचा नाही, गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी हा आहे. लसणाला थंडी हवीच असते. ती मिळाली नाही तर गड्ड्यात पाकळ्याच पडत नाहीत, नुसता एक गोळा तयार होतो.

आणखी दोन शत्रू. एक म्हणजे रस्त्यावर टाकतात ते मीठ. बर्फ ढकलणारी गाडी मीठमिश्रित बर्फ कुंपणाच्या कडेला लोटते आणि उन्हाळ्यात तेवढाच पट्टा करपलेला दिसतो. दुसरा वारा. आमचं कुंपण थुजाचं, म्हणजे आपल्या मोरपंखीच्या कुळातलं. जमीन गोठल्यानं मुळांना पाणी मिळत नाही आणि वारा पानांतलं पाणी ओढून घेतो. झाड तहानेनं तपकिरी पडतं आणि लोक म्हणतात थंडीनं मेलं. नोव्हेंबरात जमीन गोठण्याआधी भरपूर पाणी आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा, एवढ्यानं खूप फरक पडतो.

ह्यूस्टन

आमची कथा उलटी. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे पारा उणे १० च्याही खाली गेला. इथली झाडं हिवाळ्यातही झोपत नाहीत, त्यांच्यात रस वाहत असतो. लिंबू, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता सगळं एका रात्रीत काळं पडलं. घरोघरी वीज नव्हती, त्यामुळे आत आणलेल्या कुंड्याही गारठल्या.

माझं सगळ्यांना एकच सांगणं: लगेच कात्री चालवू नका. नखानं साल किंचित खरवडून बघा, खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. एप्रिल उलटेपर्यंत थांबलो, तेव्हा जमिनीत लावलेला कढीपत्ता मुळापासून फुटला. लिंबालाही जोरदार फुटवे आले, पण नीट पाहिलं तर ते तीन पानांचे आणि लांब काट्यांचे होते. म्हणजे वरचं कलम गेलं होतं आणि खालचा खुंट वाढत होता. त्याला गोड लिंबू कधीच येणार नाही. गुलाबाचंही तेच: आधी गुलाबी असलेलं झाड गडद लाल फुलू लागलं तर समजा, खुंटच उरला आहे.

न्यू जर्सी

कढीपत्त्याबद्दल विचारणारे खूप असतात म्हणून थोडक्यात. रात्रीचं तापमान १२ अंशांवर आलं की कुंडी आत. पानं गळतील, घाबरू नका, पाणी मात्र निम्म्यावर आणा. आत आणण्याआधी पानांच्या मागची बाजू धुऊन खवले कीड बघा, नाहीतर घरातल्या कोरड्या हवेत ती मोगऱ्यावरही पसरते. तुळस हिवाळ्यात टिकेलच असं नाही, म्हणून तिचं बी मी दर वर्षी राखून ठेवते.

श्रीनगर

यजमानांच्या बदलीमुळे काही वर्षं इथे आहोत. ७ नोव्हेंबर २०१९ चा बर्फ विसरता येत नाही. सफरचंदाची पानं अजून झाडावर होती, काही बागांत फळंही. ओला, जड बर्फ पानांवर साठत गेला आणि वीस-वीस वर्षांची झाडं मधोमध चिरली. रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज येत होते. बागवाले लांब काठ्यांनी फांद्या झटकत फिरत होते. नंतर चिरलेल्या फांद्या दोरीनं आवळून जखमांवर लेप लावला, त्यातल्या काही जुळल्याही.

तोच बर्फ चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांत पडला तर इथे आनंद असतो. पानं गळालेली असतात, झाडाला हवी ती थंडी मिळते आणि उन्हाळ्यात ओढ्यांना पाणी राहतं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गसुद्धा उघडंबोडकं होतं, तेव्हा इथल्या म्हाताऱ्या बागवानांची काळजी मी जवळून पाहिली. बर्फ कधी पडतो हे किती पडतो याहून मोठं आहे, असं मला इथे राहून वाटतं.

महाबळेश्वर

आमच्याकडे बर्फ पडत नाही, दव गोठतं. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला, वारा पडलेला आणि आभाळ निरभ्र असेल तरच. मोजणीत पारा पाच-सहा अंश असतो आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे हिमकण असतात. पान रात्रभर आपली उष्णता उघड्या आभाळाकडे सोडतं, म्हणून ते हवेपेक्षा थंड होतं. गार हवा जड, ती उतारावरून खोलगट भागात साठते. म्हणून वरच्या शेतात काही नसतं आणि खालच्या शेतात फुलाचा मधला पिवळा भाग काळा पडतो. ते फूल मग धरत नाही. पर्यटक हिमकणांचे फोटो काढतात, त्याच वेळी आम्ही फुलं तपासत असतो.

निफाड

द्राक्षवाल्यांचं दुखणं अजून वेगळं. पारा चार-पाचवर आला की पांढरी मुळी (अन्नपाणी शोषणारी कोवळी मुळं) काम थांबवते, मण्यांची फुगवण अडते. पहाटे गार आणि दुपारी तीसच्या घरात ऊन, या फरकानं मणी तडकतात, नाहीतर थॉमसन या हिरव्या द्राक्षजातीच्या मण्यांवर गुलाबी छटा येते. पिंक बेरी निर्यातीत चालत नाही. पहाटे ओळींमधून शेकोट्या करतो आणि विहिरीचं पाणी सोडतो, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं. घडांना कागद गुंडाळतो. बांधापलीकडे गहू-हरभरा याच थंडीत तरारून येतो. एकाच शिवारात दोन्ही बघतो आम्ही.

देवगड

निफाडच्या दादांनी शेवटी लिहिलं तेच आमच्या हापूसचं. मोहोर यायला थंडी हवीच. पण कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर पुन्हा थंडीची लाट आली तर त्याच फांदीला पुनर्मोहोर येतो. झाड सगळं अन्न नव्या मोहोराकडे वळवतं आणि धरलेली कैरी गळून खाली सडा पडतो. नव्या मोहोरात नर फुलं जास्त, त्यामुळे तोही फारसा धरत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) जिबरेलिक ॲसिड हे संजीवक फवारण्याची आहे. आम्ही पहिला मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारतो. पुनर्मोहोर दिसल्यावर फवारून हाती काही लागत नाही.

श्रीनगरच्या ताईंना एक विचारायचं होतं: तिकडे सफरचंदाला कळी फुटल्यावर, एप्रिलमध्ये पुन्हा थंडी आली तर बागवाले काय करतात?