लिहायला शिकायला गेला होतात का कधी?

ओसरी: माळा आवरताना आज शंभर पानी वही सापडली. पहिल्या पानावर लाल शाईत 'लगागा लगागा लगागा लगागा' (ल म्हणजे लघु, आखूड अक्षर; गा म्हणजे गुरू, लांब), त्याखाली चहाच्या कपाचा गोल डाग. वाचनालयाचा वरचा हॉल डोळ्यांपुढे आला. तीन रविवारांची गझल कार्यशाळा. सतरंजी, पंधरा-वीस जण आणि सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'ची फिकट झेरॉक्स. मी पर्समधून सात 'गझला' घेऊन गेलेले. सरांनी पहिलीच वाचली. "वारा आणि झरा? अलामत कुठाय?" मला वाटलं, अलामत नावाच्या कोणी बाई यायच्यात! मग कळलं, 'रा'च्या आधीचा स्वर अख्ख्या गझलेत तोच हवा. वाऱ्याबरोबर तारा, पारा चालतील, झरा नाही. सातही गझला तिथंच निकालात निघाल्या. नंतर सरांनी टाळ्यांवर मनाचे श्लोक म्हणायला लावले. लहानपणी रोज दिवेलागणीला म्हणायचो ते भुजंगप्रयात वृत्त, म्हणजे हेच चार लगागा, हे मला पस्तिसाव्या वर्षी समजलं. तुमचेही असे किस्से असतील तर लिहा.

कढीपत्ता: कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत उरकते. आमची कथेची होती. बाई म्हणाल्या, घरातली एक खोली लिहा, विशेषण एकही नको. माझं माजघर 'जुनाट, कोंदट, अंधारं'! सगळं खोडलं तर उरलं काय, दिवसाढवळ्या लावलेला बल्ब आणि भिंत चाचपत जाणारा आजीचा हात. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त वही शेजारणीकडे सरकवली. झाली तिसरी.

लालडबा: लगागावरून आठवलं. आमची ही अशाच एका शिबिराहून आली आणि महिनाभर वाणसामानाची यादी वृत्तात. 'दुकानातुनी आण पोहे नि दाणे'. मीही उत्तर दिलं, 'दुकानातुनी आणले, पैसे द्या हो'.

निंबोणी: काका, 'से' गुरू आहे, तिथे लघु हवा. वृत्त तुटलं हो!

ओसरी: 'आणले द्या न पैसे' करा. बसतंय.

लालडबा: बसलं. पैसे अजून आले नाहीत.

पाणीपट्टी: आमची 2020 मध्ये, झूमवर. एक ताई वडिलांवरची कविता वाचत होत्या, सगळे गप्प, दोघी-तिघी डोळे पुसतायत. तेवढ्यात कुणाच्या तरी चालू माइकमधून, "अगं पाणी जाईल, मोटर लाव!" ताईंनाच आधी हसू फुटलं. आता आमच्या ग्रुपवर कविता जास्त रडकी झाली की कुणीतरी फक्त 'मोटर लाव' लिहितं.

निंबोणी: मेले हसून. ऑफिसात आहे.

वऱ्हाडी ठेचा: माझा जरा कडू आहे. कथेत आजी नातीला म्हणते, "काहून रडून राह्यली वं पोरी?" मार्गदर्शकांनी त्याचं 'का रडतेस गं?' केलं. वर सगळ्यांसमोर म्हणाले, वाचकाला कळलं पाहिजे. आजी त्याच वर्षी गेली होती. तिच्या तोंडात कुणी परक्याची कवळी बसवल्यासारखं झालं मला. पाच-सहा वर्षं पेन धरला नाही. मागच्या वर्षी तीच कथा, तिच्याच बोलीत, एका दिवाळी अंकाला पाठवली.

कढीपत्ता: आणि??

वऱ्हाडी ठेचा: साभार परत. पण खाली पेनानं लिहिलंय, 'आजी राहू द्या, शेवट बदला.'

लालडबा: अरे, म्हणजे आजी पास झाली की!

निंबोणी: ओसरीताई, ती बाराखडी स्कॅन करून मिळेल का? आणि अशी कार्यशाळा डोंबिवलीकडे कुठे असते का? रविवार सोडून, रविवारी सासूबाईंचं भजनी मंडळ आमच्याच हॉलमध्ये बसतं.

लालडबा: मग तिथंच बस की. लगागा फुकटात.

ओसरी: ठेचा, शेवट काय आहे सध्या? टाक इथे.

वऱ्हाडी ठेचा: रात्री टाकतो. बस आली.