ओळखी ढीगभर आहेत पण शब्दाला वजन नाही, काय करावं?

छतावरचा_माणूस (धायरी)

नमस्कार मंडळी. मी मूळचा उदगीरचा, आता बरीच वर्षं पुण्यात. आधी नोकरी होती, आता स्वतःचं सोलर बसवायचं काम आहे, हाताखाली दोन पोरं आहेत, काम चोख करतो त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. अडचण दुसरीच आहे. ज्याला विचारावं तो सांगतो ओळखी वाढव, म्हणून मी त्या सकाळी साडेसहाच्या बिझनेस ग्रुपच्या मीटिंगांना पण जाऊन आलो (इडली खायची, कार्डं वाटायची, उभं राहून एक मिनिट स्वतःची जाहिरात करायची), लिंक्डइनवर काही ना काही टाकत असतो, व्हॉट्सॲपचे ग्रुप किती आहेत ते मलाच माहीत नाही, आणि फोनमध्ये नंबर असे सेव्ह आहेत की सचिन टाइल्स, सचिन जिम, सचिन नक्की कोण.

पण एखाद्या सोसायटीच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, मी बोलायला उभा राहिलो की लोक मोबाइलमध्ये डोकं घालतात. आणि तिथलेच एखादे काका, ज्यांना सोलरमधलं ओ की ठो कळत नाही, ते नुसतं म्हणतात "आत्ता नको, पुढच्या वर्षी बघू" आणि विषय खल्लास. मी आकडे दाखवतोय, सबसिडी सांगतोय, पण काकांच्या एका वाक्यापुढे माझा सगळा पीपीटी पाण्यात.

तर मला ते काकांचं वजन कसं येतं ते समजून घ्यायचंय. फक्त धंद्यासाठी नाही, एकूणच आपल्या भागात आपलं कोणी ऐकावं असं वाटतं. बाहेरून आलेल्याला पुण्यात ते जमतं का, की तीन पिढ्या पेठेत काढाव्याच लागतात?

नाइलाजाने_बावधन

आमच्या तीन पिढ्या पेठेत गेल्या तरी वडिलांचं बिल्डिंगमध्ये कोणी ऐकत नव्हतं, तेव्हा तो गैरसमज आधी काढून टाका.

आता तुमच्या काकांबद्दल. त्यांना सोलर कळत नाही हे बरोबर असेल, पण टँकर आला की खाली उभं राहून तो पूर्ण रिकामा झाला का ते कोण बघतं? लिफ्ट अडकली की कोणाच्या मोबाइलमध्ये लिफ्टवाल्याचा नंबर असतो? वॉचमनच्या पोरीच्या ॲडमिशनला कोण गेलं होतं? नक्की हेच काका असणार. त्यात पुणे महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकच होता, नगरसेवक म्हणून कोणाला पकडायची सोयच नव्हती, त्या काळात तर ड्रेनेज तुंबलं की क्षेत्रीय कार्यालयात कोणत्या टेबलावर जायचं हे माहीत असलेला माणूस म्हणजे देवच. लोक त्यांना सोलरबद्दल विचारतच नाहीयेत हो. आजवर या माणसाने आपल्याला कधी गोत्यात आणलेलं नाही एवढंच बघतात आणि त्यांच्या मागे हात वर करतात.

तुम्ही त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दिसता तेच हातात माइक घेऊन.

भिशीवाली_मावशी

दादा, मी कर्वेनगरला पोळी-भाजी केंद्र चालवते आणि बायकांची भिशी चालवते, बऱ्याच वर्षांपासून. मला ते लिंक्डइन वगैरे काही कळत नाही पण विश्वास कसा बसतो ते मात्र कळतं कारण माझ्याकडे लोकांचे पैसे असतात आणि कागद कसलाच नसतो.

भिशीत बघ, सगळ्यांनी महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची आणि चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम. चिठ्ठ्या आम्ही स्टीलच्या डब्यात टाकतो आणि कोणाच्यातरी लहान मुलीला उचलायला लावतो. आता ज्या बाईचा नंबर पहिल्या महिन्यात लागला तिने पुढे पैसेच दिले नाहीत तर? हीच भीती सगळ्यांना असते. म्हणून मी एक करते, माझा नंबर मी कायम शेवटचा ठेवते. चिठ्ठीत माझं नावच टाकत नाही. म्हणजे भिशी बुडाली तर सगळ्यात जास्त माझे बुडणार हे प्रत्येकीला दिसतं. आणि एखादीचे दहा तारखेला आले नाहीत तर मी माझे घालते आणि ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाही. तिला एकटीला फोन करते, तोसुद्धा दुपारी, घरातली माणसं कामावर गेल्यावर. नवरा आजारी असतो, शाळेची फी असते, कोणी मुद्दाम नाही करत.

गेल्या दिवाळीच्या आधी मी केंद्राचे दर वाढवले तर एकीनेपण कटकट केली नाही, उलट दोघीतिघींनी आपल्या ओळखीत डबे लावून दिले. मी कोणाला सांगितलं नव्हतं. तू पण असं काहीतरी बघ की ज्यात तुझं आधी अडकतंय आणि त्यांचं नंतर.

दप्तरखाना

मावशींचं पटलं. इथे पुण्याचाच एक जुना दाखला देतो, थोडं लांबेल.

२ एप्रिल १८७० ला इथे सार्वजनिक सभा निघाली. गणेश वासुदेव जोशींचा, म्हणजे सार्वजनिक काकांचा त्यात पुढाकार. आपल्याला शाळेत ते एकदम राष्ट्रकार्य वगैरे म्हणून शिकवतात, पण सुरुवात कशावरून झाली? तर पर्वती देवस्थानच्या कारभारावर लोक नाराज होते त्यावरून. अगदी घराजवळचं भांडण. आणि मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा सभासद व्हायचा नियम. नुसती वर्गणी भरून भागायचं नाही, किमान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं, की हा गृहस्थ आमच्या वतीने बोलेल. असे ९५ सभासद जमले आणि त्यांच्यामागे सहा हजारांच्या आसपास लोकांच्या सह्या होत्या. न्यायमूर्ती रानडे पुण्यात बदलून आले १८७१ ला, त्यानंतर सभेला धार आली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावागावातून माहिती गोळा केली आणि सरकारपुढे ठेवली. त्या माहितीला किंमत होती कारण ती एका वकिलाने घरी बसून लिहिलेली नव्हती.

तेव्हा छतावरचे भाऊ, फोनमधले नंबर मोजू नका, मुखत्यारपत्रावर तुमच्यासाठी सही करतील अशी माणसं मोजा. धायरीत किती निघतील? पाच निघाली तरी सुरुवात वाईट नाही. माझी स्वतःची चार निघतात, त्यातला एक सासरा आहे.

चहा_आणि_डेटा

वर सगळे घट्ट नात्यांबद्दल बोलतायत म्हणून जरा उलट बाजू. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं १९७३ चं गाजलेलं काम आहे. त्याने बॉस्टनजवळच्या एका गावात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या लोकांना विचारलं की ही नोकरी कोणाकडून कळली, आणि ज्यांना ओळखीतून कळली त्यातल्या बहुतेकांनी जवळचे मित्र सांगितलेच नाहीत, कधीमधी किंवा क्वचित भेटणारे लोक सांगितले. कारण सरळ आहे, आपल्या जिगरी दोस्तांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. त्यामुळे "सचिन नक्की कोण" हा नंबर डिलीट करू नका, काम तिथूनच येऊ शकतं.

आणि सोलरपुरतं म्हणाल तर ब्रायन बोलिंजर आणि केनेथ गिलिंगहॅम या दोघांनी कॅलिफोर्नियातला डेटा बघितला होता, २०१२ ला छापून आलं. एकाच पिनकोडच्या भागात एका घरावर पॅनेल बसलं की आसपासच्या घरांवर बसण्याची शक्यता वाढते. म्हणजे तुमच्या पीपीटीपेक्षा शेजाऱ्याच्या गच्चीवरचं पॅनेल जास्त बोलतं. मग धायरीपासून वाघोलीपर्यंत गाडी दामटत बसण्यापेक्षा एकाच पट्ट्यात चार बिल्डिंगा पकडा ना.

भिशीवाली_मावशी

@चहा_आणि_डेटा नोकरीची बातमी कोणीपण सांगेल रे, त्यात त्याचं काय जातं. पैसे द्यायची वेळ आली की माणूस आधी बहिणीला विचारतो.

चहा_आणि_डेटा

@मावशी हे मान्य. बातमी लांबून येते, निर्णय जवळच्याला विचारून होतो. तसे दोन्ही लागतात.

जबरदस्तीचा_सेक्रेटरी (सिंहगड रोड)

मी तुमच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो म्हणून लिहितो, आणि जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्याकडे सोलरवाले रांगेने येतात. प्रत्येकाच्या पहिल्या स्लाइडवर एकच गोष्ट, बिल शून्य. आता स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दर महिन्याला लागणारी ठरलेली रक्कम, सोलर लावल्यावर पण भरावाच लागतो, हे महावितरणचं बिल एकदा नीट वाचलं तरी कळतं, मग पहिल्याच वाक्यात जो शून्य म्हणतो त्याच्या पुढच्या स्लाइडवर मी कशाला विश्वास ठेवू? एकाने तर सबसिडीचे फ्लॅटप्रमाणे ७८,००० असे गुणाकार करून दाखवले होते. ती रक्कम स्वतंत्र घराची, तीही तीन किलोवॉट आणि वर असेल तर. सोसायटीच्या कॉमन कामाला, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, किलोवॉटला १८,००० आहे. लोकांना वाटलं फुकटच होतंय, आणि नंतर खरा आकडा मलाच सांगावा लागला, वाईट मी झालो.

मग एक जण आला. गच्चीवर गेला, टाकीच्या बाजूला उभा राहून बराच वेळ नुसता बघत होता, दक्षिणेला समोर जो नवा टॉवर उठतोय त्याचे मजले मोजले आणि वॉचमनला विचारलं अजून किती चढणार आहेत. खाली येऊन मला म्हणाला, साहेब, बी विंगवर लावू नका, तो टॉवर पूर्ण झाला की हिवाळ्यात दुपारनंतर निम्म्या गच्चीवर सावली येईल, ए विंगवर होईल पण तुम्ही मनात धरलंय त्याच्या निम्मंच होईल. कोटेशन पण निम्म्याचंच दिलं. त्या माणसाचं नाव मी आजवर किती सोसायट्यांना सांगितलं असेल ते मलाच आठवत नाही, आणि त्याने मला कधी "साहेब रेफरन्स द्या" म्हटलेलं नाही.

अजून एक. एजीएममध्ये निर्णय होत नसतो, तिथे नुसते हात वर होतात. निर्णय आधीच झालेला असतो, जिन्यात, पार्किंगमध्ये, टेकडीवर सकाळी चालताना. काकांना एजीएमच्या आधी पंधरा दिवस एकटं भेटा आणि विकू नका, नुसतं विचारा की तुमची शंका नेमकी काय आहे. नव्वद टक्के वेळा सोलरची शंका नसतेच, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची असते. स्ट्रक्चरचे पाय स्लॅबमध्ये ठोकले आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गळायला लागलं तर निस्तरणार कोण? याचं उत्तर लेखी द्या, मग बघा काका काय म्हणतात ते.

छतावरचा_माणूस (धायरी)

सेक्रेटरी साहेब, राग कसला, वॉटरप्रूफिंगचं कधी कोणी तोंडावर बोललंच नव्हतं, आता चार ठिकाणची "पुढच्या वर्षी" आठवली. पण एक खरं सांगा, सावली आहे म्हणून नको म्हणायचं, बिल शून्य होत नाही म्हणायचं, तर समोरचा ज्याने शून्य म्हटलं त्याच्याकडे जातो हो. पोरांचे पगार महिन्याला द्यावे लागतात. वजन यायला पाच वर्षं लागणार असतील तर तोवर खायचं काय?

नाइलाजाने_बावधन

जाणारे जातातच. जाऊ द्या. पण पहिल्या पावसाळ्यानंतर त्यातले काही जण तुमचा नंबर शोधत येतील, तेव्हा "मी म्हटलं होतं ना" एवढं फक्त म्हणू नका. पुणेकराला ते वाक्य स्वतः म्हणायला आवडतं, ऐकायला नाही.

भिशीवाली_मावशी

दादा, पगाराचं खरंय तुझं. मोठ्या सोसायट्या सोड काही दिवस, बंगले आणि रो हाउस कर, तिथे एकाच घराला पटवायचं असतं. पैसा तिकडून येऊ दे. आणि स्वतःच्या सोसायटीत धंद्याचं नाव न काढता काहीतरी कर. लोकांना लाइटबिल वाचता येत नाही, मलाच येत नाही, तो वहन आकार म्हणजे काय ते आजपर्यंत मला कोणी सांगितलेलं नाही. ते सांग बसून सगळ्यांना. चहा मी पाठवते.

छतावरचा_माणूस (धायरी)

हे लगेच जमण्यासारखं आहे. आमच्याच बिल्डिंगमध्ये येत्या रविवारी ठेवतो, बिल कसं वाचायचं एवढंच. प्रोजेक्टर लागेल का? आणि कंपनीचा बॅनर लावू का एक छोटा, निदान मागच्या भिंतीवर?

जबरदस्तीचा_सेक्रेटरी (सिंहगड रोड)

बॅनर नको, टीशर्टवर पण लोगो नको. प्रोजेक्टर कशाला, प्रत्येकाला स्वतःचं मागच्या महिन्याचं बिल घेऊन यायला सांगा आणि पेन तुम्ही न्या, लोक पेन आणत नाहीत. कॉमन मीटरचं बिल तुमच्या सेक्रेटरीकडून आदल्या दिवशीच मागून घ्या, नाहीतर तो ऐन वेळी कपाटाची किल्ली शोधत बसेल. सोलरबद्दल कोणी विचारलं तर तेवढंच उत्तर द्यायचं आणि परत बिलावर यायचं. वेळ अकराची ठेवा, दहाला टँकर येत असेल तर काका खाली असतील.