मदत हवी आहे: 'सेतु' (१९९९) बारावीच्या मुलांना दाखवायचा आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी चित्रपट मंडळ चालवते. आधी सिनेमा, मग गप्पा. या वेळी मुलांनी 'तेरे नाम'चा (२००३) हट्ट धरलाय. मधला भांग पाडलेला राधे त्यांना रील्समधून ठाऊक आहे, तोही 'खरा आशिक' म्हणून. मला वाटतं, तो सिनेमा ज्याच्यावरून केला तो दिग्दर्शक बाला यांचा तमिळ 'सेतु'च दाखवावा. तमिळ सिनेमा जवळून पाहिलेल्यांचा सल्ला हवा आहे.

सेतु उर्फ चियान हा कॉलेजातला दांडगट, कुठलाही प्रश्न हाणामारीने सोडवणारा. देवळातल्या पुजाऱ्याच्या मुलीवर, अभितावर, त्याचा जीव जडतो. ती घाबरून दूर राहते, तर तो तिला पळवून नेऊन प्रेम सांगतो. मग तिचं मन वळतं. तेवढ्यात जुने वैरी त्याला गाठतात, डोक्याला जबर मार बसतो आणि तो मनोरुग्णांच्या आश्रमात जाऊन पडतो. भानावर येऊन घरी पोचतो तेव्हा अभिताने जीव दिलेला असतो. तो आपल्या पायांनी आश्रमात परत जातो.

सिनेमा ताकदीचा आहे. सेतु झालेल्या विक्रमने मुंडण केलं, वजन भयंकर उतरवलं. बरीच वर्षं धडपडणाऱ्या या नटाला 'चियान' हे नाव इथेच मिळालं. इळैयराजांचं संगीत आहे, सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही आहे.

माझी अडचण पळवून नेण्याच्या प्रसंगाची. तिथे मुलं शिट्ट्या मारणार आणि त्याच खोलीत मुली बसलेल्या असणार. प्रसंग गाळावा असं मला वाटत नाही. तिथेच थांबवून 'ही मुलगी आत्ता नाही म्हणू शकते का?' असं विचारू का? दुसरं, अभिताचा शेवट या वयाच्या मुलांपुढे कसा ठेवावा? आणि गुंडाच्या प्रेमाची गोष्ट असूनही नायिकेच्या इच्छेला वजन असलेला तमिळ सिनेमा सुचतो का?

प्रतिसाद १

ताई, मध्ये थांबवू नका. थांबवलंत की मुलं तुमच्याशी वाद घालतील, सिनेमाशी नाही. संपल्यावर दोघादोघांना हीच गोष्ट अभिताच्या तोंडून सांगायला लावा. तिला कोणत्या क्षणी काय वाटलं असेल, हे बोलताना मुलगेच अडखळतील.

दुसऱ्या सिनेमासाठी अमीर यांचा 'परुत्तिवीरन' (२००७) आठवला. मदुरैकडचा गावगुंड (कार्तीचा पहिला सिनेमा) आणि त्याच्याशीच लग्न करायचं हे लहानपणापासून ठरवून बसलेली मुत्तळगु. इथे मागे लागते ती, टाळतो तो. जातीपायी बाप आडवा येतो तरी ती हटत नाही. मुत्तळगु झालेल्या प्रियामणीला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण शेवट फार हिंसक आहे, लैंगिक अत्याचारासकट. वर्गात मुळीच लावू नका, तुम्ही स्वतः पाहा. दोन्हीकडे गडी सुधारतो, आणि तो सुधारण्याआधीच्या दांडगाईची किंमत मुलगी जिवाने मोजते. मुलांशी यावर नक्की बोला.

प्रतिसाद २

मी शाळेत समुपदेशन करते. शेवटाबद्दल आधीच सांगून ठेवा, नको असेल त्याला उठून जायची मोकळीक द्या आणि त्या दिवशी कॉलेजच्या समुपदेशकांना बसवून घ्या. चर्चेत 'प्रेमासाठी जीव दिला' असं कुणी कौतुकाने म्हणालं तर तिथे गप्प राहू नका. अभिताला कुणाशी बोलता आलं असतं, हे विचारा. कुणी फारच गप्प झालं तर त्याला नंतर एकट्याला गाठा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सिनेमा सलग दाखवते, अभिताच्या तोंडून गोष्ट हा उपक्रम पक्का, आणि समुपदेशक मॅडमशी उद्याच बोलते. आता एकच राहिलं: 'सेतु'ची चांगल्या उपशीर्षकांची अधिकृत प्रत कुठे मिळेल? कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा.