मदत हवी आहे: इंटर्नशिप मधेच सोडली तर काय होतं?

अबोली_बार्शी (शनिवार, दुपारी १२:४०)
नमस्कार. मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) एका मोठ्या कंपनीत इंटर्न आहे. जॉईन होऊन पाच आठवडे झाले, त्यातले तीन आठवडे हातात काहीच काम नाही. डोंबिवलीहून यायचं, नऊ ते सहा बसायचं, परत जायचं. आता खरंच सहन होत नाही. मधेच सोडली तर कंपनी काही करू शकते का? आणि मेलमध्ये कारण काय लिहू? तब्येतीचं लिहिलं तर चालेल? सोमवारी मेल टाकायचा आहे, प्लीज आजच सांगा.

निंबोणी
ऑफर लेटरमध्ये नोटीस पिरियड किती दिवसांचा लिहिलाय? बाँड आहे का? हे कळल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही.

रेघोट्या
आधी हे सांगा, इंटर्न आहात की ॲप्रेंटिस? लोक दोन्हीला एकच समजतात. ॲप्रेंटिसला १९६१ चा कायदा आहे, करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि किमान स्टायपेंड ठरलेला असतो. २०१९ च्या नियमांत पदवीधराला ९,००० होता. नुसत्या इंटर्नला यातलं काही लागू नाही.

अबोली_बार्शी
इंटर्नच. बाँड नाही. नोटीस १५ दिवस. पहिल्या महिन्याचा स्टायपेंड वेळेवर आला, पैशाचा प्रश्नच नाही. सोडता येतं का एवढंच विचारलंय.

माणदेशी
ताई, स्पष्ट बोलतो. मी दोन वर्षं कॉर्पोरेटमध्ये काढली आणि एमपीएससीकडे वळलो. नुसती खुर्ची सांभाळण्यात वर्षं घालवू नका. आत्ताच सोडा आणि राज्यसेवेला लागा.

वसंतराव_ठाणे
काम नसताना पगार मिळतोय तर शिकून घे की बाळा. मी १९८८ साली फोर्टात लागलो तेव्हा पहिले दोन महिने फक्त फायली लावल्या. त्या लावता लावता अख्खं खातं समजलं. घाई करू नकोस.

निंबोणी
काका, फायली निदान हातात होत्या तुमच्या. आता लॉगिन मिळाल्याशिवाय फाईल दिसतसुद्धा नाही. माझा भाचा महिनाभर पँट्रीत बसून होता.

सह्यकडा
पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा फॉर्म भरा. २०२४ ला सुरू झाली तेव्हा वय २१ ते २४, महिना ५,००० आणि वर्षभर मोठ्या कंपनीत अनुभव असं होतं.

रेघोट्या
तेव्हाच्या नियमांत पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती योजना नव्हती. अबोली, शिक्षण झालंय का तुमचं?

आठ_दहाची_स्लो
डोंबिवली ते बीकेसी कशा जाता? कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म घ्या, स्टुडंट पास स्वस्तात होतो.

कुर्ला_पश्चिम
ती सवलत घर ते कॉलेज एवढ्यालाच असते. ऑफिसला जायला नाही मिळत. चुकीची माहिती देऊ नका, टीसीने धरलं तर पोरीला भुर्दंड.

बोरिवलीचा
मेट्रो ३ ने या ना, थेट बीकेसी स्थानक आहे. मी तर लोकल सोडलीच.

कुर्ला_पश्चिम
अहो, ती मध्य रेल्वेवर आहे! डोंबिवलीहून मेट्रो ३ कुठे आली? कुर्ल्याला उतरून पश्चिमेला ३१० नंबरची बस, दुसरं काही नाही.

अबोली_बार्शी
३१० नेच जाते. शिक्षण चालू आहे, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, आठवं सेमिस्टर. कॉलेज सोलापूरकडे आहे. या सेमिस्टरला लेक्चर नाहीत, इंटर्नशिपलाच क्रेडिट आहेत. मला वाटलं इंटर्न म्हटल्यावर कळेल.

मास्तरीण
अगं बाई, हे पहिल्या ओळीत सांगायचं होतंस! मी इंजिनीअरिंगला शिकवते. कंपनी तुला काहीच करणार नाही, पण इंटर्नशिपलाच क्रेडिट असतील तर सोडल्यावर सेमिस्टर अडकेल, मग निकाल आणि डिग्रीही. सोमवारचा मेल अजिबात टाकू नकोस. तुझ्या कॉलेजच्या गाईडना माहीत आहे का? लॉगबुकवर सही कोण करतं?

अबोली_बार्शी
तीच तर भीती आहे, म्हणून तर सोडावंसं वाटतंय. लॉगबुकात तारीख, काम आणि मेंटॉरची सही असे रकाने आहेत. माझ्या मेंटॉरनी तीन आठवड्यांपूर्वी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी म्हणाले, दुसरं कोणीतरी बघेल. कोणी बघितलं नाही. १५ रकाने कोरे आहेत. पुढच्या शुक्रवारी कॉलेजचे सर ऑनलाईन रिव्ह्यू घेणार आहेत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. दुपारी सगळे जेवायला उठतात तेव्हा मी लॅपटॉप उघडा ठेवून एकच डॉक्युमेंट वर-खाली करत असते, कोणी बघितलं तर काम चालू वाटावं म्हणून. घरी आत्या विचारते आज काय शिकलीस, आणि मला काही सांगता येत नाही.

वसंतराव_ठाणे
असं असेल तर माझं आधीचं बोलणं मागे घेतो. हे वेगळं प्रकरण आहे. तुझी काही चूक नाही बाळा.

सह्यकडा
रकाने भरून टाका ना. पायथन शिकले, डीबगिंग केलं. कोण तपासतंय? टीममधल्या कुणाचीही सही घ्या.

मास्तरीण
कृपा करून असले सल्ले देऊ नका. रिव्ह्यूला पहिला प्रश्न असतो, अमुक तारखेला काय केलंस ते दाखव. गेल्या वर्षी माझ्यासमोर एक मुलगा याच प्रश्नावर रडला.

रात्रपाळी_आयटी
मी सपोर्टला आहे, मला एकच सांगा. काम दिलंच नाही, की काम दिलंय पण ॲक्सेस नाही?

अबोली_बार्शी
दुसरं. टीममधल्या एका दादाने छोटा बग (प्रोग्रॅममधली चूक) सोडवायला दिला होता, पण रेपोचा, म्हणजे कोड ठेवतात त्या जागेचा, ॲक्सेस नाही. तीनदा तिकीट, म्हणजे आयटीकडे ऑनलाईन विनंती, टाकलं, तिन्ही वेळा काही दिवसांनी आपोआप बंद झालं. आयटी डेस्कवर गेले तर म्हणतात, पुन्हा टाका.

रात्रपाळी_आयटी
तिकीट उघडा. 'अप्रूव्हर' समोर कोणाचं नाव दिसतंय?

अबोली_बार्शी
जुन्या मेंटॉरचं.

रात्रपाळी_आयटी
सापडलं. कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमचा रिपोर्टिंग मॅनेजर अजून तेच आहेत. मंजुरीची विनंती त्यांच्या बंद झालेल्या मेलवर जाते, कोणी मंजूर करत नाही, मुदत संपली की तिकीट बंद. शंभर वेळा टाकलंत तरी हेच होणार. डेस्कवाल्यांना नाव बदलता येत नाही, ते एचआरच्या हातात असतं. एचआरला दोन ओळी लिहा: अमुक तारखेपासून माझे मॅनेजर कंपनीत नाहीत, सिस्टीममध्ये नवीन रिपोर्टिंग मॅनेजर लावून द्या, त्याअभावी या तीन नंबरांची तिकिटं बंद झाली. तुमच्या टीमच्या मोठ्या साहेबांना सीसी करा. तक्रार नको, रडगाणं नको, फक्त तारखा आणि तिकीट नंबर.

मास्तरीण
आणि कॉलेजच्या सरांना आजच फोन कर, शुक्रवारची वाट बघू नकोस. आधी सांगितलंस तर ते तुझ्या बाजूने कंपनीशी बोलू शकतात. कोऱ्या रकान्यांत खरं ते लिही: ॲक्सेस प्रलंबित, अमुक डॉक्युमेंट वाचलं, अमुक तारखेला तिकीट टाकलं.

माणदेशी
तरीपण एमपीएससीचा विचार करा.

अबोली_बार्शी (बुधवार, रात्री ९:१५)
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. शनिवारीच सरांना फोन केला. ते रागावतील वाटलं होतं, पण म्हणाले, पहिल्या आठवड्यातच का नाही कळवलंस. सोमवारी मेल टाकला, रात्रपाळी दादांनी सांगितला तसाच. मंगळवारी दुपारी एचआरच्या मॅडम स्वतः जागेवर आल्या. त्यांना वाटत होतं माझं नाव दुसऱ्या टीमला गेलंय, आणि त्या टीमला माझ्याबद्दल माहीतच नव्हतं. आता तिकिटावर नवीन नाव दिसतंय. आज सव्वाचारला रेपो उघडला. तो बग तारखेच्या फॉरमॅटचा आहे, दिवस आणि महिना उलटे पडतात. अजून सुटलेला नाही. नवीन मेंटॉर मागच्या १५ दिवसांवर सही करायला तयार नाहीत, म्हणाले मी पाहिलेलंच नाही तर कशी करू. सर म्हणाले, त्या दिवसांसाठी एचआरचं पत्र जोड. पत्र अजून यायचं आहे.

मास्तरीण
पत्र शुक्रवारच्या आत मिळव. उद्या सकाळीच आठवण कर.

रात्रपाळी_आयटी
महिन्याची १२ तारीख उलटून गेल्यावर तो बग कसा वागतो ते आधी तपासा. १२ पर्यंतचा दिवस महिना म्हणूनही खपतो, १३ वा नाही.

आठ_दहाची_स्लो
पासचं काय ठरलं शेवटी?

अबोली_बार्शी
पूर्ण भाड्याचाच काढलाय. तपासते दादा, आज तारीख ११ आहे.